सुंदरबाईचा चुकारा

सुंदरबाईला कुणाचाच भरवसा वाटत नसे. दुकानातून आणलेले शेंगदाणे ती घरी पुन्हा तोलायची, आणि वजन बरोबर भरलं की तिला आणखीच वाईट वाटायचं, कारण मग चोरी दुसरीकडे कुठेतरी असणार! दिघोरीच्या लोकांनी तिला शेतकरी कंपनीची संचालक केलं ते याचसाठी. धानावर असा डोळा ठेवणारं दुसरं होतंच कोण?

कंपनी निघण्याआधी सगळे धान घेऊन व्यापारी ईश्वर शेठच्या काट्यावर जात आणि तो म्हणेल तो भाव मुकाट्याने घेत. आता लोक आपली पोती कंपनीच्या राईस मिलमध्ये टाकत. चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, लगेच कुणी नेत नसे. लग्न निघालं, दवाखाना निघाला, धानाच्या रोवणीची मजुरी आली की मागून न्यायचा. तोवर कंपनी तांदूळ करून विके. कंपनी बुडाली तर परत ईश्वर शेठचं दार, हे सुंदरबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिला झोप लागत नसे.

मार्च संपला आणि मॅनेजर अनुपने बैठकीत हिशेब वाचला. अनुप आसगावचा, बी.कॉम. झालेला, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्याची सुंदरबाईला पहिल्यापासून चीड.

"चालू देणी एकतीस लाख," अनुप म्हणाला. "म्हणजे लोकांनी मागितले की द्यावे लागतील ते पैसे."

"अन् बँकेत किती आहेत?" सुंदरबाईने विचारलं.

"चार लाख, मावशी."

"बाकीचे कुठी गेले मंग?"

"गोदामात तांदूळ आहे. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून उधारी याच महिन्यात येते. सारं मिळून देण्यापेक्षा जास्तच भरते. अन् सगळे लोक एकाच दिवशी थोडीच मागतेत?"

बाकीचे संचालक चहा पिऊन उठले. सुंदरबाई मात्र बाहेर उभ्या असलेल्या अनुपच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलकडे बघत राहिली. ही कुठून आली असेल?

दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली. पोती शिवणाऱ्या मनकर्णाबाईकडून तिने पोत्यातला नमुना काढायची लोखंडी परखी घेतली आणि पोती टोचत सुटली. खालची थप्पी, मागची थप्पी, भिंतीकडची थप्पी. सगळीकडून तांदूळच निघाला, तोही चांगला. मग तिने नागपूरला फोन लावला. व्यापारी म्हणाला, हो, पैसे द्यायचे आहेत, वीस तारखेला देतो. घ्या! म्हणजे दोघांनी मिळून उत्तर ठरवलेलं दिसतं.

"भेटलं का काही?" तिच्या नवऱ्याने, देवाजीने, जेवताना विचारलं.

"काहीच नाही भेटलं. म्हणूनच तं!"

देवाजीने भातावर आणखी वरण वाढून घेतलं.

सकाळी ती कंपनीच्या काऊंटरवर गेली आणि आपला सगळा चुकारा मागितला. अनुपने लगेच मोजून दिला. लगेच! म्हणजे तोंड बंद करायला बघतोय, असंच तिच्या मनात आलं. ती नोटा पिशवीत कोंबत असताना शेजारची निर्मलाबाई म्हशीसाठी कोंडा न्यायला आली.

"तुह्या पोरीची, खुशबूची, कॉलेजची फी भराची हाये का वो?"

"ते जूनमध्ये."

"जूनमध्ये!" निर्मलाबाई म्हणाली, आणि कोंडा न घेताच माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत रांग लागली. संचालकीण बाईनेच पैसे काढले, आता राहिलं काय! दुपारपर्यंत बँकेतले चार लाख संपले. अनुपचा चेहरा उतरला.

"मावशी, तुम्ही सांगा लोकायले. तुमचं ऐकतीन."

सुंदरबाईला तेव्हा कुठे कळलं की आपण काय करून बसलो. ती फाटकात उभी राहून ओरडली, "अवो, सारं ठीक हाये! मी सोता पोते टोचून पाह्यले! कोनाचा रुपया बुडत नाही!"

"मंग तुनं काहून काढले?" निर्मलाबाईने विचारलं.

सुंदरबाई तशीच घरी पळाली, पिशवी घेऊन आली आणि सगळ्यांदेखत काऊंटरवर रिकामी केली. "घ्या, हे माझे वापस! आता तं झालं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "दबाव आनला वाटते बिचारीवर." आणि लोक आणखी पुढे रेटले.

तांदूळ विकण्याशिवाय इलाज उरला नाही. ईश्वर शेठ ट्रक घेऊन आला. त्याने एकही पोतं टोचलं नाही, नुसता भाव सांगितला. ऐकून सुंदरबाईचं डोकंच फिरलं.

"इतका कमी? लाज नाही वाटत?"

"मी कुठं म्हनलो विका म्हनून?" शेठ म्हणाला.

त्या पैशात बहुतेकांचं भागलं. वीस तारखेला नागपूरची उधारी ठरल्याप्रमाणे आली आणि राहिलेल्यांचे, सुंदरबाईसकट, चुकारे देऊन झाले. कुणाचा रुपया बुडाला नाही. फक्त मिलमध्ये भरडायला काही उरलं नाही. मनकर्णाबाई घरी बसली. उन्हाळी धान शेतात पिकत होतं, पण ते कंपनीत टाकतो म्हणणारा एकही माणूस गावात नव्हता.

सुंदरबाई अनुपकडे गेली. त्याने आपल्याला चार शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं.

"तुमचे पैसे होते, मावशी," तो म्हणाला. "मागाचा हक्क होता तुमचा."

संध्याकाळी निर्मलाबाई डबाभर लाडू घेऊन तिच्याकडे आली. तिच्यामागे गल्लीतल्या आणखी दोघी होत्या.

"तुह्यामुळे वाचलो वो आमी. तुले आधीच वास लागला होता."

"अवो, काहीच झालं नव्हतं! सारे पैसे होते!"

"होते म्हनून तं भेटले. पन तू पहिले काढले नसते तं?" दोघींनीही माना डोलावल्या. "आमाले कोन सांगनार होतं, बाप्पा?"

सुंदरबाईला रडू कोसळलं. ती पदराने डोळे पुसत राहिली.

"आता काहून रडून राहिली? सुटलो ना आपन," असं म्हणून निर्मलाबाईने तिच्या हातावर लाडू ठेवला.