टोकदार बाजू वर

मित्रांनो, मी एक जुना नदीतला शिंपला आहे आणि, हसू नका, मी नोकरी करतो! शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, काचेची एक टाकी आहे. तिच्या तळाच्या वाळूत आम्ही आठ शिंपले पहाऱ्याला असतो.

माझ्या कवचावरच्या ठळक रेघा मोजल्यात तर एकोणीस भरतील. वर्षाला एक. जन्मलो तेव्हा मी मोहरीहूनही बारीक होतो. एका माशाच्या कल्ल्याला घट्ट धरून मी काही आठवडे फुकट प्रवास केला आणि मग नदीच्या वाळूत उतरलो. घर मात्र माझं मीच बांधलं. माझ्या अंगाभोवती मऊ कातडीची झूल आहे. ती पाण्यातला चुना घेते आणि कवच रचते. मी वाढतो तसं घरही वाढतं, त्यामुळे कपड्यांसारखं ते कधी तोकडं होत नाही.

या घराला दोन झडपा आहेत. पाठीवरची चिवट बिजागरी त्या सतत उघडू पाहते आणि आतले दोन दणकट स्नायू त्या ओढून मिटतात. म्हणजे उघडं राहणं हा माझा आराम, मिटणं ही मेहनत. म्हणून मी उगाच कधी मिटत नाही.

मला डोकं नाही. हृदय मात्र आहे, आणि गंमत म्हणजे माझं आतडं त्याच्या मधूनच जातं! माझी गोलसर बाजू वाळूत असते. तोंड आणि पाय तिकडे. टोकदार बाजू वर असते. तिथल्या एका फटीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. वाटेत कल्ल्यांवरची बारीक लव हलत राहते. श्वासही तिथेच आणि जेवण गाळायची चाळणीही तिथेच. दिवसाला बादली-दीड बादली पाणी मी सहज गाळतो.

पाण्यात काही वाईट आलं, की मी खटकन मिटतो. आमच्या कवचांवर चिमुकली लोहचुंबकं चिकटवली आहेत; झडपा मिटल्या की ती सरकतात आणि टाकीला जोडलेल्या यंत्राला ते कळतं. आठांपैकी सहा जण मिटले, की घंटा वाजते आणि शहराकडे जाणारे पंप थांबतात. तीन महिने काम केलं की आम्हांला पुन्हा नदीत सोडतात.

केंद्राच्या नव्या साहेबांना आमचा भरवसा नव्हता. मागे एकदा चुंबकं सुटून खोटीच घंटा वाजली होती. तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर ही टाकी बंद. यंत्रं आहेत की आपल्याकडे!"

आणि नेमकी शाळेची सहल यायची होती. पंपवाल्या काकांचा आमच्यावर फार जीव. त्यांनी सफाईपुरती घंटा बंद केली, वाळू धुतली, आम्हांला मऊ ब्रशने पुसलं आणि पुन्हा वाळूत ओळीने रोवलं. पण काकांनी जन्मभर खुंट्या ठोकलेल्या! खुंटीचं टोक खाली जातं, म्हणून त्यांनी आमचंही टोकच खाली खुपसलं. आमच्या फटी वाळूत, पाय वर! आम्ही सगळे गच्च मिटलो.

मुलं आली. साहेबांनी ऐटीत घंटेचं बटण सुरू केलं, आणि घंटा ठणाणा वाजू लागली. पंप थांबले. प्रयोगशाळेतल्या ताई धावत आल्या. त्यांनी पाणी तपासलं, दोनदा तपासलं. पाणी अगदी निर्मळ!

"झालं? पुन्हा खोटी घंटा! आजच काढा ही टाकी," साहेब कडाडले.

काकांचा चेहरा उतरला. "साहेब, सकाळी मी स्वतः पुसलंय हो त्यांना. आजारी नाहीत ती पोरं."

तेवढ्यात काचेला नाक लावून बसलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, यांचं तोंड कुठेय?"

"खाली, वाळूत. गोल बाजूला," ताई म्हणाल्या, आणि एकदम थबकल्या. "अगं बाई! काका, तुम्ही तर यांना शीर्षासन करायला लावलंय!"

"पण ताई, यांना डोकंच कुठाय?" काका म्हणाले. सगळी मुलं खो खो हसली.

ताईंनी आम्हांला अलगद उपटून वाळूवर आडवं ठेवलं. "आता आपली बाजू ओळखून ते स्वतःच उभे राहतील," त्या म्हणाल्या. साहेब घड्याळ बघू लागले. "पाच मिनिटं. नाही उघडले तर बंद."

मित्रांनो, मी घाबरलो होतो. पण कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. मी स्नायू सैल सोडले. बिजागरीने झडपा हळूच उघडल्या. मी जिभेसारखा पाय बाहेर काढला आणि वाळूत खुपसला. त्यात रक्त भरून टोक फुगवलं, ते तिथे रुतलं, आणि मी स्वतःला खेचलं. पुन्हा खुपसलं, पुन्हा खेचलं.

"उठला! आजोबा उठले!" माझ्या रेघा मोजत बसलेली मुलं ओरडली. माझ्यामागोमाग बाकीचेही उभे राहिले. घंटा थांबली. दूरवर पंपांची घरघर सुरू झाली, आणि काकांनी डोळे पुसत सगळ्या मुलांशी हात मिळवले.

साहेब बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टाकीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली: "टोकदार बाजू वर." काकांना म्हणाले, "राहू दे यांना."

माझे तीन महिने आता संपत आले आहेत. लवकरच मी नदीत परत जाईन. मित्रांनो, त्या नदीत घाण टाकू नका, कारण तुम्ही पिता तेच पाणी आमच्या हृदयाजवळून जातं. आणि काठावर कधी मी सापडलोच, तर हातात घेऊन जरूर बघा, रेघाही मोजा. फक्त परत ठेवताना काकांची खुंटी विसरा आणि साहेबांची चिठ्ठी आठवा.