‘हो’ म्हणजे ‘झालं’ नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. साडेचार फूट लांब, हातभर रुंद आणि मधोमध थोडी वाकलेली. माझ्या पाठीवर एके काळी चोवीस बारीक दिवे होते. बोटभर पत्र्याचं एक फाटक होतं आणि वायरींचं तर असं जंजाळ होतं, की कुणीतरी रेडिओ उघडून परत मिटायला विसरलंय असं पाहणाऱ्याला वाटावं. हसा खुशाल! पण खऱ्या रुळांवर होऊ नयेत असे अपघात माझ्यावर झाले, आणि त्यांत कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

मी मूळची पुस्तकांच्या कपाटातली, वरून चौथी. जाडजूड पुस्तकांच्या ओझ्याने माझी कंबर वाकली, तेव्हा ताईने मला उपसून काढलं आणि टेबलावर पालथं टाकलं.

ताई आणि तिचा थोरला भाऊ, दादा, यांचं चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. कुणाला गाड्या, सिग्नल, फाटकं संगणकाने चालवायची असली की ते या दोघांकडे येत. शिंपी माप घेऊन कपडा बेततो तसा ताई नेमका त्यांच्यापुरता प्रोग्रॅम लिहून देई. लोकांशी बोलायचं काम दादाचं. दादाच्या जिभेवर साखर आणि ताईच्या कपाळावर आठ्या, अशी वाटणी होती. ताई म्हणायची, “आपल्या कामात उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावं लागतं. गाडी निघून गेल्यावर आलेला लाल दिवा काय चाटायचाय?”

एकदा ट्राम कंपनीचं काम आलं. ट्रामचे रूळ अकरा ठिकाणी रस्ता ओलांडत होते आणि तिथे फाटकं होती. तोवर नियंत्रण खोलीतला माणूस फोन करी आणि फाटकवाला दांडा पाडी. आता हे सगळं यंत्राने करायचं होतं. खऱ्या ट्रामवर चुका करून बघता येत नाहीत, म्हणून ताईने माझी ट्राम केली. एक दिवा विझला की पुढचा लागे, तीच गाडी धावली म्हणायची. पत्र्याचं फाटक खोटं होतं, पण ते हलवणारी मोटारीची पेटी खरी, कंपनीने पाठवलेली.

“अगं, निदान सरळ फळी तरी घ्यायचीस,” दादा म्हणाला. “गिऱ्हाईक बघेल तर काय म्हणेल?”

“दिव्यांची ट्राम आहे दादा, तिला चढ लागत नाही.”

तेव्हापासून मला उसंत म्हणून मिळाली नाही. रोज शंभर-शंभर फेऱ्या होत. फाटक पडलं, हिरवा दिवा लागला, ट्राम गेली, फाटक उघडलं. सातशे फेऱ्यांत फक्त दोनदा भलतंच घडलं. फाटक सताड उघडं होतं, तरी हिरवा लागला आणि ट्राम त्यातून निघून गेली.

ताईने प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासली. फाटकाला हुकूम गेला होता, पेटीकडून उत्तर आलं होतं, तेही वेळेत. मग ट्राम सुटली होती. सगळं जागच्या जागी होतं.

“फळीच वाकडी आहे,” दादा म्हणाला. “बिजागरी घासते, पत्रा अडकतो. तुझ्या प्रोग्रॅमचा काय दोष?”

खरं सांगते, पत्रा माझ्या वाकण्यामुळेच अडकत होता. पण फाटक अडकलं तर ट्रामने थांबायला नको का? हे कुणी म्हणेना. नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. ते अंगण व्हायची पाळी माझ्यावर आली. मला फार वाईट वाटलं. ताईने बिजागरीत तेल सोडलं. पुढच्या तीनशे फेऱ्या बिनबोभाट झाल्या आणि दादाने ‘चाचणी पूर्ण’ लिहिलेला कागद तिच्यापुढे सरकवला. सोमवारी खऱ्या ट्रामवर यंत्र बसणार होतं. अकरा फाटकांवर तेल घालायला कोण बसणार होतं? मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्याच दुपारी नियंत्रण खोलीतले हो-काका नवं यंत्र शिकायला आले. फोन कुणाचाही असो, ते आधी ‘हो’ म्हणत, म्हणून अख्खी कंपनी त्यांना हो-काका म्हणे. त्यांच्या शिकण्यापुरती ताईने ट्राम बटणावर ठेवली होती. ते माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला आणि फाटक पाडायचं बटण दाबलं. हिरवा लागला. काका ढिम्म. माझ्या पत्र्याकडे बघत बसले. पत्रा पूर्ण खाली टेकला, तेव्हा कुठे त्यांचं बोट ट्रामच्या बटणाकडे गेलं.

“काका, हिरवा केव्हाच लागला की,” ताई म्हणाली.

“हो, लागला. पण तो ‘हो’चा हिरवा. ‘झालं’चा कुठाय?”

“म्हणजे?”

“सव्वीस वर्षं फाटकवाल्यांशी फोनवर बोलतोय मी. ‘फाटक पाड’ म्हटलं की तो म्हणतो, ‘हो’. म्हणजे त्याने ऐकलं. मग तो जातो, दांडा पाडतो, परत येतो आणि म्हणतो, ‘झालं’. तेव्हा मी ट्राम सोडतो. एकदा एक जण ‘हो’ म्हणून गेला तो गेलाच. साखळी अडकली होती. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण ट्राम सोडली नाही. तुमची ही पेटी ‘झालं’ म्हणते का?”

ताईच्या हातात सही करायचं पेन होतं. तिने ते टोपण लावून खाली ठेवलं.

“नाही म्हणत,” ती म्हणाली. “हुकूम ऐकला एवढंच कळवते. आणि मी तेवढ्यावर ट्राम सोडतेय.”

“अगं पण मी त्यांना सोमवारसाठी ‘हो’ म्हणून बसलोय!” दादा जवळजवळ किंचाळला.

“‘हो’च म्हणालायस ना? ‘झालं’ नाही ना म्हणालास?”

काका खो-खो हसले. दादा हसला नाही. खाली मान घालून तो कंपनीत गेला आणि संध्याकाळी लाल कान घेऊन परतला. “महिना मिळाला,” एवढंच बोलला. जिभेवरची सगळी साखर त्या दिवशी खर्च झाली असावी.

मग प्रत्येक फाटकाच्या पायाशी एकेक कळ बसली. दांडा टेकून ती दाबली गेली, की यंत्राला ‘झालं’ कळायचं. आठ सेकंदांत ‘झालं’ आलं नाही, तर ट्राम जागची हलायची नाही. ताईने मुद्दाम माझ्या बिजागरीत कागदाची घडी कोंबली आणि फेरी सुरू केली. फाटक अडकलं. ट्राम थांबली! ताईने मला थोपटलं. आयुष्यात एवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

उद्घाटनाला मोठी भाषणं झाली, यंत्राला हार पडला. फळीला कोण बोलावतं? पुढे संगणकाच्या पडद्यावर चितारलेल्या ट्राम आल्या. माझे दिवे दुसऱ्या कामासाठी उपटून नेले, फाटकाचा पत्रा तेवढा राहिला. काप गेले आणि भोकं राहिली. माझ्या बाबतीत तर शब्दशः. मी कपाटामागे गेले. माझ्या आधाराने ओल्या छत्र्या वाळू लागल्या.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मागच्या आठवड्यात हो-काका काठी टेकत जिना चढून आले. निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला. धापा टाकत म्हणाले, “आज सकाळी ट्रामने येत होतो. बाजाराच्या फाटकाअलीकडे गाडी उभी राहिली. लोक चिडले, ‘यंत्र बिघडलं’ म्हणाले. मी खिडकीतून वाकून बघितलं. दांडा गंजून वरच अडकला होता, आणि त्याच्याखालून शाळेची पोरं हात धरून रूळ ओलांडत होती. चाळीसेक असतील.”

ताईने डोळ्यांना पदर लावला. काकांनी विचारलं, “ती फळी कुठाय?”

दादाने मला ओढून बाहेर काढलं. काकांनी खिशातल्या रुमालाने माझी धूळ पुसली, गंजलेल्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, “झालं हो, फळीबाई.”

मित्रांनो, एखाद्या फळीने चूक दाखवली तर आधी तिचं म्हणणं ऐका. ती वाकडी आहे की सरळ, हे मागाहून बघा. आणि जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा. आता मी पुन्हा टेबलावर आहे. माझी बिजागरी फार कुरकुरते, तिला थेंबभर तेल हवंय. ताईने परवा दादाला तसं सांगितलं.

दादा ‘हो’ म्हणालाय. मी ‘झालं’ची वाट बघतेय.