धाकटीची स्क्रिप्ट

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ती माझ्याच ऑफिसात, माझ्या समोरच्या टेबलावर आली तेव्हा मात्र पोटात दुखायला लागलं. घरी सासूबाई म्हणायच्या, धाकटीच्या हाताला काय चव! इथे साहेब म्हणायचे, धाकटीचं डोकं किती तल्लख! मग मी काय दोन्हीकडे नुसती गर्दी करायला होते?

हॉस्पिटलच्या लॅबचे रिपोर्ट वॉर्डांत पोचवणारी यंत्रणा आम्ही सांभाळतो. ती सर्व्हरवर सतत चालू राहणाऱ्या एका प्रोग्रामवर, कंटेनर सर्व्हिसवर, चालते. सर्व्हिस बंद पडली की रिपोर्ट अडकलेच. साहेब निवृत्त होणार होते आणि विभाग आमच्यापैकी एकीकडे जाणार होता. त्यांनी दोघींना एकच काम दिलं: सर्व्हिस चालू आहे का ते बघणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला द्यायच्या आज्ञांची छोटी फाइल, लिहा. बंद असेल तर तसं सांगून सुरू करायची, चालू असेल तर हात लावायचा नाही.

माझी मी सकाळीच लिहून टाकली. दोघींच्या स्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये, त्यामुळे दुपारभर तिची वाचत बसले. आणि सापडलं! तिची स्क्रिप्ट सर्व्हरवर चालू असलेल्या कामांच्या यादीत सर्व्हिसचं नाव शोधत होती. पण शोधणारी आज्ञासुद्धा त्या यादीत असते आणि तिच्यातही तेच नाव असतं. म्हणजे सर्व्हिस बंद पडली तरी ही बया स्वतःलाच बघून ‘चालू आहे’ म्हणणार! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिला सांगायचं? का म्हणून? माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तेव्हा तिने पाहुण्यांसमोर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चाचणीच्या सर्व्हरवर सर्व्हिस मुद्दाम बंद केली. धाकटीची स्क्रिप्ट म्हणाली, ‘चालू आहे.’ साहेबांनी कपाळाला हात लावला. मी ऐटीत खुर्ची पुढे ओढली.

माझी स्क्रिप्ट काहीच म्हणाली नाही. पुन्हा चालवली, तरी स्क्रीन कोराच.

“काही चुकलं की लगेच थांब, असं तू पहिल्याच ओळीत लिहिलंयस,” साहेब म्हणाले. “सर्व्हिस बंद दिसली, तीच स्क्रिप्टला चूक वाटली आणि ती काही सांगायच्या आधी तिथेच थांबली. हिची खोटं बोलते, तुझी बोलतच नाही. सर्व्हिस बंद करून एकदा तरी चालवून बघायचीस!”

कधी बघणार? मी तिची बघत होते ना.

“माणूस बाहेरूनच आणावा लागणार,” म्हणून ते उठले.

जिन्यात धाकटीने मला गाठलं. “ताई, माझी चूक तुम्हाला कालच दिसली होती ना?”

मी पायऱ्या उतरत राहिले.

“मलाही तुमची दिसली होती. नाही सांगितलं. घरात काहीही झालं की सगळे म्हणतात, मोठीला विचारा. मला कधी कोणी काही विचारतं का?”

तिचे डोळे भरले होते. माझेही भरून आले. तिला जवळ घेणार होते, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

“माझी चूक शोधायला किती वेळ लागला गं तुला?”

“शोधली कुठे? चहा पिता पिता दिसली.”

माझी अख्खी दुपार गेली होती. घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.