दीडशेवर थांबलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना हवेचा काटा आहे. मनगटी घड्याळाहून जरा मोठं तोंड, पितळी पोट आणि मागे लांब रबरी नळी. पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा किती उरली, ते मी सांगतो. टाकी भरलेली असली की दोनशे. पन्नासवर आलो की मुकाट्याने वर यायचं.

मी एका नवरा-बायकोकडे नोकरीला होतो. बायको लोकांना पाण्याखाली न्यायची, नवरा होडी चालवायचा आणि सामान सांभाळायचा. जवळच्या प्रवाळावर मांटा, म्हणजे खोलीएवढे रुंद पाकट मासे, अंग साफ करून घ्यायला येत. चिमुकले मासे त्यांच्या अंगावरचं टिपून खात आणि ही धुडं न्हाव्यासमोर बसल्यासारखी शांत तरंगत. मला त्यांचं फार कुतूहल! पण माझं तोंड सदा माणसाकडे. मांटा मला दिसले ते फक्त विस्फारलेल्या डोळ्यांत.

नवरा रोज मला गोड्या पाण्यात बुडवून ठेवी. म्हणे, "खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, यंत्र नाही जागत." पण गर्दीच्या दिवसांत 'उद्या धुऊ' असं म्हणता म्हणता आठवडा गेला. माझ्या पोटात मीठ साचलं.

त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण आली. पोहण्यात तरबेज, काटकसरीत त्याहून. रीतसर शिकून ती भावजयीबरोबर मांटा बघायला उतरली. कमरेला मी.

खाली भावजयीने खुणेने हवा विचारली. ताईंनी बोटांनी दाखवलं, दीडशे. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. दीडशेच! ताईंच्या डोळ्यांत कोण अभिमान! तोंडातून मात्र बुडबुड्यांचे ढग निघत होते.

तेवढ्यात मांटा आले. ताईंची मान वर. भावजय मात्र माझ्याकडे बघत राहिली. तिने माझ्या काचेवर बोटाने टकटक केलं आणि माझा काटा धाडकन चाळीसवर पडला.

शरमेने मेलो मी. तिने आपल्या टाकीची जादा हवेची नळी ताईंच्या तोंडात दिली, दंड धरला आणि सावकाश वर निघाली. ताई हात ओढून मांटा दाखवत होत्या. ती मान हलवत राहिली.

होडीत ताई कडाडल्या, "अगं, अजून पाच मिनिटं थांबली असतीस तर! मी हवा किती पुरवून वापरत होते!"

"ताई, श्वासात कसली काटकसर? हवा संपत आली होती. काटा अडकला होता."

ताईंनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. भावाने मला हातात घेतलं, कडेचं पांढरं मीठ नखाने खरवडलं. "काट्याला नको बोलूस, ताई. धुवायचं काम माझं होतं."

"मग आता धू," ताई म्हणाल्या. "आणि मला उद्या परत ने. दुसरा काटा लावून!"

दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही हात पसरून तासभर मांटाचं वर्णन करत होत्या. मी खिळ्यावरून ऐकत होतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना वेळच्या वेळी गोडं पाणी दाखवा. आणि एखादा काटा बराच वेळ 'सगळं ठीक आहे' म्हणत बसला, तर त्याला एकदा टकटक करून विचारा. आम्ही खोटं बोलतो तेव्हा आम्हालाही ते कळत नाही.