भागम्माच्या ताटाचा अँटेना

मित्रांनो, गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं हे स्टीलचं ताट आणि त्यावरची तांब्याची चार शिंगं पाहून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. मी घरी बनवलेला अँटेना आहे. उपग्रहांचे संदेश नीट पकडायचे आणि माणूस जमिनीवर नेमका कुठे उभा आहे ते कळायला मदत करायची, एवढंच माझं काम.

मला सोनपेठजवळच्या एका शेतात रुद्राणीने बनवलं. तिची आई भागम्मा वारली, तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला शेतातच, कडुलिंबाच्या झाडांखाली माती दिली. वर एक दगड ठेवला. पक्की समाधी पुढे बांधू, असं ठरलं. रुद्राणीने रडत रडतच ती जागा फोनवर नोंदवली. मग गोदावरीला पूर आला. दगड गेला, कडुलिंब मुळांसकट गेले, बांध गेला आणि सगळ्या शेतावर गाळ बसला.

पाणी ओसरलं तरी तिचे वडील, शिवमूर्तीअप्पा, नांगर धरीनात. "ती कुटं निजलीय ते कळल्याबिगर फाळ लावायचा न्हाई," म्हणायचे. रुद्राणी फोन घेऊन शेतभर फिरायची, पण फोनवरचा ठिपका एका जागी ठरेना. शेवटी तिने पाण्याच्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार खरवडली, करंगळीएवढे तुकडे कापले, फळीवरचं एक ताट ओढून त्याला मधोमध भोकं पाडली. माझी केबल एका छोट्या रिसीव्हरला लावली आणि तो फोनला जोडला.

काय कौतुक झालं माझं! बांबूवर बसवताच ठिपका थरथरायचा थांबला, आणि मला घेऊन चालत चालत ती त्या दिवशी नोंदवलेल्या जागेवर येऊन उभी राहिली. "अप्पा, आता हालंना झालाय. हितंच हाय आई," रुद्राणी म्हणाली. अप्पांनी चपला काढून तिथे कपाळ टेकलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटलं.

समाधीच्या पायासाठी गाळ बाजूला केला. खाली भुसभुशीत माती लागायला हवी होती. लागला तो घट्ट मुरूम. अप्पांनी त्यावरून हात फिरवला. "पोरी, ही भुई कुनी कवा उकरलेलीच न्हाई."

मी आज बरोबर दाखवत होतो. चुकली होती ती त्या दिवशीची नोंद. दाट झाडांखाली फोनला आभाळ धड दिसलंच नव्हतं, आणि त्याने भलतीच जागा टिपली होती. ती चूक आता कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हती. रुद्राणीने शेजारी खणायला कुदळ उचलली, तेव्हा अप्पांनी तिचा हात धरला. "नगं. चुकून तिलाच लागंल."

मला बांबूवरून उतरवताना त्यांचा अंगठा माझ्या काठावर थांबला. तिथे बारीक टिंबांनी नाव कोरलेलं आहे, भागम्मा. ते त्यांनी हळूहळू वाचलं.

"हे तिचं ताट व्हतं न्हवं?"

घाईत रुद्राणीने नाव पाहिलंच नव्हतं. अप्पा बराच वेळ माझ्या भोकांकडे पाहत राहिले.

शेत अजून पडीकच आहे. अप्पा रोज कडेला उभे राहतात, चपला काढतात आणि कुठे पाहायचं ते न कळून सगळ्याच शेताला हात जोडतात. मला कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं तरी मी काय सांगणार?

मित्रांनो, आपलं माणूस जिथे ठेवाल, तिथली खूण त्याच दिवशी धीराने आणि पक्की करा. नंतर माझ्यासारखे कितीही बनवलेत तरी उपयोग नाही. आणि फळीवरचं ताट घेताना त्याच्या काठावरचं नाव आधी वाचा.