नरहरीच्या बापाचं नाव

आमच्या घराण्यात कोण कोणाचा कोण, हे विचारायला पन्नास वर्षं लोक माझ्याकडे येत होते. लग्नपत्रिका छापायची असो की सुतक किती दिवसांचं हे ठरवायचं असो, दुर्गजवळच्या खुर्सीपारला माझ्या दारात चपला दिसायच्या. सासूबाई भागाबाई शेवटची अठरा वर्षं माझ्याजवळ राहिल्या. दुपारी गहू निवडता निवडता त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि मी त्यातलं काही विसरले नाही.

मग माझ्या धाकट्या जावेच्या, मनकर्णाच्या नातवाला, पीयूषला, जातीचा दाखला हवा झाला. त्यासाठी आजा-पणज्याचा जुना कागद दाखवावा लागतो. मनकर्णा दुर्गला राहते, कलेक्टर ऑफिस तिच्या घरून चालत दहा मिनिटं. ती कागद शोधायला गेली आणि तिथेच रमली. पीयूषचा दाखला कधीच मिळाला, पण बाई आठवड्यातून दोनदा रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या रजिस्टरांतून नावं उतरवून आणायची. बहात्तर वर्षांची बाई आणि खांद्याला कॉलेजच्या पोरीसारखी पिशवी.

मला त्याचं फारसं काही वाटलं नसतं. पण माझी स्वतःची नात मोनाली तिला स्कूटीवर घेऊन फिरू लागली. घरी आली की छोटी आजीने आज ये निकाला, छोटी आजीने वो निकाला. मी जे दहा वेळा तोंडानं सांगितलं होतं, ते कागदावर दिसलं की पोरीला नवीन वाटायचं.

उन्हाळ्यात मनकर्णाचा फोन आला. आमचे सासरे नरहरी यांच्या शाळेची नोंद तिला सापडली होती. साल १९१९, दुर्ग. पालकाच्या रकान्यात भाऊराव, रेल्वे खलाशी. आडनाव लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. हे भाऊराव म्हणजे आपले आजेसासरेच न, असं तिनं विचारलं.

ते आजेसासरे नव्हते. ते नरहरींचे मामा. नरहरींचे वडील बाबुलाल लाइनीवर गँगमन होते आणि १९१८च्या साथीत, मानमोडीच्या तापात गेले. मामानं सात वर्षांच्या भाच्याला दुर्गला आणून शाळेत घातलं. ज्यानं बोट धरून आणलं त्याचंच नाव मास्तरांनी लिहिलं. रेल्वे लाइनीतल्या कितीतरी पोरांचं तसंच झालं होतं. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं.

"तुह्याजवळ कागद आहे न," मी म्हणाले, "कागदालेच इचार."

फोन ठेवून मी चहा केला. त्या दिवशी तो बरा लागला.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळं घराणं माझ्याकडे जमतं. या वर्षी मोनालीनं समोरच्या खोलीत भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर घराण्याचं झाड काढलेलं, बुंध्यात भाऊराव, आणि खाली बारीक अक्षरात मनकर्णाचं नाव. माझ्याच भिंतीवर. जो तो त्यापुढे उभा राहून आपलं नाव शोधत होता आणि शंका तिला विचारत होता. मी आंबील वाढत होते. मला आंबिलीशिवाय कोणी काही विचारलं नाही.

पंगत अर्ध्यावर येईपर्यंत मी थांबले, कारण तेव्हा कोणी उठून जात नाही. मग आंबिलीचं भांडं खाली ठेवून म्हटलं, बुंध्यातला माणूस आपल्या घरचाच नाही. मामा, भाचा, मानमोडी, शाळेचा मास्तर, सगळं सांगितलं. माझा मुलगा रूपेश घास हातात धरून बसला. मला वाटलं होतं मनकर्णा रडवेली होईल. तिनं तोंडातला घास सावकाश संपवला.

"बाई, मी तुमाले फोन करून इचारलं होतं," ती म्हणाली. "तवाच मालूम होतं न तुमाले? मंग कावून नाही सांगतलं?"

मी आंबिलीचं भांडं परत उचललं. आता सगळे माझ्याकडेच बघत होते, पण मला हवं होतं तसं नाही. मोनाली ताटाकडे बघत होती. पंगतीतून कोणीतरी म्हणालं, मोठी बाई बाबुलालला पदराच्या गाठीत बांधून बसली होती. हसू पसरलं. मनकर्णा हसली नाही. बाबुलालचाही कागद कुठेतरी असेल, पाहते, एवढंच ती म्हणाली.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. लाज वाटत होती हे खरं. पण भीती त्याहून मोठी होती. बाबुलालही तिनंच शोधून काढला तर मला कोण विचारणार? सोमवारी मी कोणाला न सांगता ऑटो केला आणि दुर्ग गाठलं. मला दारात बघून मनकर्णानं खांद्याला पिशवी अडकवली आणि चपला घातल्या.

रेकॉर्ड रूमच्या बाबूनं "आइए माताजी" म्हणत तिला खुर्ची दिली, मला बाकडं. पण कोणत्या गावची वही मागायची हे तिला ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं. गावच्या कोटवाराची, म्हणजे चौकीदाराची, जन्ममृत्यूची वही आली. पानं पापडासारखी झालेली. मोतीबिंदूमुळे मला ती फिकी शाई दिसेना. मनकर्णानं चष्मा लावला आणि ती ओळीवर बोट फिरवू लागली. पाऊण तास मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

बोट थांबलं. "बाबुलाल, गँगमन, बुखार," तिनं वाचलं. "खबर देने वाला भाऊराव, मृतक का साला."

तिनं चष्मा काढला. मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमचं खरं निंघालं."

हेच ऐकायला मी आले होते. पण तिनं ते इतक्या सहज दिलं, की घेताना माझाच हात आखडला.

बाबूनं फॉर्म पुढे केला आणि नोंदीची नक्कल कोणाच्या नावानं काढायची ते विचारलं, तिच्याकडे बघून. तिनं पेन उचललं. मी ते तिच्या हातातून घेतलं. अक्षरं रकान्याबाहेर जात होती तरी लिहिलं, कौशल्या. मृतकाशी नातं, नातसून.

"दोघींचंही लिवलं असतं, बाई," मनकर्णा म्हणाली.

"जागा नाही," मी म्हणाले.

जागा होती.