वागेदिमीचं गवत

डोंगर ओलांडताना विमानाचं इंजिन खोकायला लागलं आणि पुढच्या काचेवर तेलाचे थेंब उडाले, तेव्हा मार्टेन रुमारोपेनला भीतीच्या आधी कंटाळा आला. सकाळपासून किनाऱ्यावरचं नाबिरे ते डोंगर, डोंगर ते नाबिरे अशा खेपा मारून कंबर धरली होती. मागे तांदळाची पोती आणि मिठाची खोकी. दिवसातली ही शेवटची खेप, आणि नेमका हिनेच दगा दिला.

खाली सपाट जागा एकच होती, वागेदिमीची धावपट्टी. दोन वर्षांपूर्वी ती त्यानेच बंद करायला लावली होती. कंबरभर गवत, डुकरांनी उकरलेले खड्डे; त्यात विमान घालायला तो काही जिवावर उदार झाला नव्हता. आज मात्र इंजिनच गप्प झालं. दात आवळून त्याने विमान खाली घेतलं. चाकं टेकली, पण गवत कुठे अडकलंच नाही. चढावर विमान आपसूक थांबलं.

तो उतरला. गवत जेमतेम घोट्याइतकं होतं. कडेला माणसं डोक्याला जाळीच्या पिशव्या अडकवून रांग लावत होती. विमान आलं की आधी काट्यावर वजन, मग बसणं, ही इथली रीत कुणी विसरलं नव्हतं. पुढे म्हातारा ओबेद तेकेगे आणि त्याची मुलगी डेबोरा. तिचे दिवस भरले होते, पाय सुजले होते. पहिलं मूल दवाखान्याकडे चालत जाताना पायवाटेवरच गेलं होतं.

"उशीर केलास, कॅप्टन," ओबेद म्हणाला. "दर शनिवारी गवत कापतोय आम्ही. तुमचं ऑफिस म्हणतं, पायलटने पाहिल्याशिवाय पट्टी उघडत नाही. आणि पट्टी उघडल्याशिवाय पायलट फिरकत नाही."

"बापा, मी आलो नाही, पडलोय. इंजिन गेलंय."

"कसा का होईना, आलास ना?"

तेवढ्यात रेडिओवर कंपनीचा दुसरा पायलट यान्से बोलला. तो जवळूनच रिकामं विमान घेऊन परतत होता. यादीत पट्टी बंद आहे, म्हणाला, तू ठीक म्हणालास तरच उतरतो, नाहीतर उद्या तुला हेलिकॉप्टर.

मार्टेनला फक्त पंखाखाली आडवं व्हायचं होतं. नाही म्हटलं की सुटला. हो म्हटलं आणि यान्सेचं चाक रुतलं, तर ते पाप त्याच्या माथी. पण डेबोराच्या पायांकडे त्याला बघवेना.

"थांब जरा," तो यान्सेला म्हणाला आणि पट्टी चालायला लागला. ठिकठिकाणी टाच आपटून जमीन बघत गेला. ओबेद मागून येत होता. बुजवलेले खड्डे घट्ट होते. खालच्या टोकाला ओल होती, पण तिथे गावाने आधीच खुणेच्या फांद्या रोवून ठेवल्या होत्या. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

परत येऊन त्याने रेडिओ उचलला. "ये. फांद्यांच्या वर टेकव. पट्टी ठीक आहे, माझ्या नावावर लिही."

मग यान्सेच्या खेपेसाठी सीटखालचा काटा काढून त्याने गवतावर ठेवला. डेबोरा त्यावर चढली. ओबेद वाकून काट्याकडे बघत राहिला.

"जास्त भरलं का रे?"

"नाही बापा," मार्टेन म्हणाला. "ती नि बाळ, दोघंही जातील."